आयपॉडमधली गाणी काढायला विकतचं सॉफ्टवेअर कशाला?
जुना कॉम्प्युटर गेला, आता आयपॉडमधली गाणी बाहेर कशी काढायची, या प्रश्नावर दोघातिघांनी विकतचं रिकव्हरी सॉफ्टवेअर (पुसलेल्या फाइल्स परत मिळवणारं) सुचवलंय. गाणी पुसली गेली असतील तर ठीक (त्यालाही फोटोरेक नावाचं रिकव्हरी सॉफ्टवेअर फुकट आहे). पण आयपॉडवर गाणी वाजतायत, फक्त जुना कॉम्प्युटर गेलाय, तर खर्च कशाला? आयपॉड क्लासिक किंवा नॅनो 'डिस्क मोड'मध्ये टाकून कॉम्प्युटरला जोडला की पेन ड्राइव्हसारखा उघडतो. लपलेल्या फाइल्स दिसतील असं सेटिंग करा; 'आयपॉड_कंट्रोल'च्या आत 'म्युझिक', आणि त्यात एफ००, एफ०१ अशी फोल्डरांची रांग. ती अख्खी कॉपी करायची. आयट्यून्सने (अ‍ॅपलचं गाण्यांचं सॉफ्टवेअर) 'इरेज अँड सिंक', म्हणजे आयपॉड पुसून नव्याने भरू का, असं विचारलं तर आधी कॅन्सल! आयपॉड टचला ही युक्ती चालत नाही.

बाबांचा आयपॉड मी असाच रिकामा केला. फाइल्सची चार-चार अक्षरांची अगम्य नावं बघून धसकाच घेतला होता, पण एमपी३ च्या पोटातच टॅग (गाण्याचं नाव, गायक वगैरे माहिती) असतात, त्यामुळे आयट्यून्समध्ये टाकल्यावर नावं परत आली. कॅसेटवरून उतरवलेली नाट्यगीतं मात्र वेव्ह फाइल्स होत्या. त्यांची नावं फाइलमध्ये नसतात, आयपॉडच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये राहतात. मग काय, ती नावं हातानेच टाकली: एका हातात आयपॉड, दुसऱ्या हातात माउस, आणि बाबा शेजारी बसून पहिल्या दोन सुरांत पद ओळखतायत.