मदत हवी आहे: युरिया-अमोनियम सल्फेटच्या मिश्रणातले नायट्रोजनचे मोल

भाची अकरावीला आहे. मोल संकल्पनेसाठी तिला खताचं उदाहरण दिलं: 19.2 ग्रॅम मिश्रण, त्यात फक्त युरिया (मोलर वस्तुमान 60) आणि अमोनियम सल्फेट (132), एकूण नायट्रोजन 0.4 मोल. दोन्हींच्या सूत्रात नायट्रोजनचे दोन अणू, म्हणून दोन्ही संयुगं मिळून 0.2 मोल. वस्तुमानाचं समीकरण जोडलं की प्रत्येकी 0.1 मोल. इथवर ठीक.

तिने विचारलं, मीठही मिसळलेलं असेल तर? सुंदर प्रश्न! आता अज्ञात तीन, समीकरणं दोनच.

सल्फेटपुरता मार्ग दिसतो: बेरियम क्लोराइड घालून मिळणारा अवक्षेप वाळवून तोलायचा. 2.33 ग्रॅम बेरियम सल्फेट म्हणजे 0.01 मोल, म्हणजेच अमोनियम सल्फेटमधला नायट्रोजन 0.02 मोल. एकूण नायट्रोजनातून तो वजा केला की युरियाचा उरतो.

अडचण एकूण नायट्रोजन मोजण्याची. केल्डाल पद्धतीत तीव्र सल्फ्युरिक आम्ल तापवावं लागतं, ते मुलांच्या हाती द्यायला मन धजत नाही. कच्च्या सोयाबीनच्या पिठात युरिएज (युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करणारं विकर) असतं. ते वापरून युरियाचा पूर्ण अमोनिया होईल का? किती तापमान आणि वेळ ठेवावा? पिठातल्या प्रथिनांमुळे अनुमापनात (म्हणजे तो अमोनिया आम्लाने मोजताना) किती फरक पडेल? कुणी हा प्रयोग केला असेल तर कृपया सविस्तर सांगा.