प्रतिसाद: जलरंग मळकट येतात, मग खासगी शिकवणी वाया जातेय का?

शिकवणी वाया जात नाहीये, तासाचा वापर चुकतोय. सर तुमच्याच कागदावर ब्रश फिरवून चित्र ‘सुधारून’ देत असतील तर ते आधी बंद करा. त्यांनी शेजारच्या तुकड्यावर करून दाखवावं, किंवा तुमच्या रेखाटनावर ट्रेसिंग पेपर ठेवून दुरुस्ती करावी. नाहीतर भिंतीवर त्यांचं चित्र लागतं, तुमचं नाही.

मळकटपणा बहुतेक वेळा घाईतून येतो. पाण्याची चमक गेली तरी हाताच्या मागच्या बाजूला कागद गार लागत असेल, तर तो आतून ओलाच असतो. त्यावर दुसरा थर दिला की खालचा रंग उचलला जातो. मुंबईच्या पावसाळ्यात ही अवस्था फार लांबते. हेअर ड्रायर वापरा, पण वीतभर लांबून आणि चमक गेल्यावरच. आधी लावलात तर साचलेलं पाणी रंगासकट सरकतं. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) घ्या आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद पिशवीत ठेवा. दमट कपाटात त्याचं सायझिंग (पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून कागदाला दिलेला लेप) बिघडतं, वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थरात, ठिपके उमटतात आणि दोष उगाच हाताला लागतो.

करड्यासाठी काळा नको, अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तपकिरी मिसळा. एका मिश्रणात दोनच रंगद्रव्यं, फार तर तीन. ट्यूबवरचे रंगद्रव्यांचे कोडही वाचा: सॅप ग्रीन हा हिरवा बहुधा आधीच मिश्रण असतं, त्यात आणखी दोन रंग घातले की चिखल ठरलेला.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची तयारी यात मिसळू नका, त्यासाठी वेगळा तास मागा.