मदत हवी आहे: फिजिओथेरपीने पायाची कळ कमी झाली, पण कंबर जास्त ठणकते. व्यायाम थांबवू का?

नमस्कार. माझं वय ४१, आठवड्यातून चार दिवस बॅडमिंटन खेळते. सात आठवड्यांपूर्वी खाली पडलेलं शटल उचलायला वाकले आणि कमरेत लचक भरली. दोन दिवसांत डाव्या पायात कळ सुरू झाली. कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीतून थेट करंगळीपर्यंत. शिंक आली तरी पाय धरून बसायची वेळ. एमआरआयमध्ये एल-५ आणि एस-१ या कमरेच्या तळाच्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाब दिसला. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनची गरज नाही, फिजिओथेरपी करा.

आधी एका ठिकाणी दहा दिवस गेले. शेक, मशीनच्या वायरी, कमरेला ट्रॅक्शन म्हणजे ओढून ताण देणं, आणि उरलेला दिवस पट्टा बांधून पडून राहायचं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, घरी येईपर्यंत पुन्हा तेच.

आता दुसऱ्या फिजिओंकडे जाते. पहिल्या दिवशी त्यांनी पाऊण तास नुसतं विचारलं आणि तपासलं. भिंतीला हात टेकवून एका पायाच्या चवड्यावर टाच उचलायला लावली. उजव्यावर सहज वीस वेळा झालं, डाव्यावर सहाव्यालाच पोटरी थरथरायला लागली. मला इतके दिवस पत्ताच नव्हता. मग पालथं झोपवलं, आधी कोपरांवर, नंतर तळहातांवर जोर देऊन छाती वर उचलायची, कंबर मात्र सैल सोडायची. दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी.

आज नववा दिवस. करंगळीच्या मुंग्या गेल्या, पोटरी शांत आहे. पण कंबर बरोबर मधोमध आधीपेक्षा जास्त ठणकते. घरचे म्हणतात, व्यायामानेच दुखणं वाढलं, बंद कर. मी खरंच घाबरले आहे. थांबवू का?

आणखी एक. हाच डावा घोटा खेळताना तीनदा मुरगळला आहे. फिजिओंनी त्या पायावर डोळे मिटून उभं केलं तर चार सेकंदांत तोल गेला. आता घोट्याचेही व्यायाम दिलेत. कमरेचा आणि घोट्याचा संबंध काय?

प्रतिसाद १

ताई, मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हाला न तपासता लिहिते आहे हे लक्षात ठेवा, पण तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून मला बरं वाटलं. दुखणं पायाकडून कमरेकडे सरकतंय, ही चांगली खूण आहे. कंबर काही दिवस जास्त दुखली तरी चालते. उलट झालं असतं, म्हणजे कंबर हलकी आणि कळ खाली पायात उतरली असती, तर मी लगेच थांबा म्हटलं असतं.

ही गोष्ट अपघातानेच लक्षात आली. १९५६ साली न्यूझीलंडमधल्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टकडचा एक रुग्ण डोक्याकडून उंच केलेल्या टेबलावर चुकून पालथा झोपला. मॅकेन्झी थोड्या वेळाने आले तर पायाचं दुखणं गेलेलं, फक्त कंबर दुखत होती. तुमचा व्यायाम त्यातूनच आलाय. अर्थात तो प्रत्येक कंबरदुखीला चालत नाही, काहींना मागे वाकल्याने त्रास वाढतो. म्हणून तर तुमच्या फिजिओंनी आधी पाऊण तास तपासलं.

पडून राहू नका. शेक-मशीनने वेदना थोडी सुसह्य होते, पण पोटरीत ताकद येत नाही. एमआरआयचीही धास्ती नको. पाठीचा काहीही त्रास नसलेल्या लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांतही गादीची झीज दिसली होती. सरकलेली गादी बऱ्याचदा महिन्यांच्या अवधीत आपसूक आक्रसतेही.

मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी झाली, तर फिजिओची वाट पाहू नका, त्याच क्षणी इस्पितळ गाठा.

घोट्यामुळेच कंबर दुखली असं नाही म्हणता येणार. पण मुरगळताना दुखावलेला अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा, लिगामेंट) भरून आला तरी सांधा नेमका कसा वळलाय हे जाणवण्याची शक्ती मंद राहते, म्हणून तो पुन्हा पुन्हा मुरगळतो. तुम्ही उजव्या हाताने खेळत असाल तर डोक्यावरून फिरवून मारलेल्या फटक्यानंतर डाव्याच पायावर उतरता. त्यात पोटरीही कमजोर. फिजिओंनी घोटा आत्ताच हाती घेतला हे फार योग्य केलं.

प्रतिसाद २

माझा अनुभव मांडीच्या मागच्या स्नायूचा. धावताना ताणला, तीन आठवड्यांत दुखायचं थांबलं, मी लगेच वेगात धावलो आणि त्याच जागी पुन्हा फाटला. दुखणं थांबलं म्हणजे स्नायू तयार झाला, ही समजूत मला फार महागात पडली. दुसऱ्या वेळी गुडघ्यांवर बसून, कुणाला तरी घोटे धरायला लावून, शरीर हळूहळू पुढे झुकवायचा व्यायाम महिनोन्‌महिने केला. कंटाळवाणा आहे, पण सोडू नका.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. प्रतिसाद वाचून आधी घरच्यांना वाचून दाखवला. हो, उजव्याच हाताने खेळते. घोटा नेमका तसाच उतरताना दोनदा गेला होता, आत्ता आठवलं. आज पुन्हा डावी टाच मोजली, अकरा झाल्या. कोर्टवर परतायचं कसं ठरवायचं?

प्रतिसाद १

अकरा छान! दोन्ही पायांचा आकडा जवळपास सारखा येऊ द्या. मग चालणं, हलकं धावणं, शटलशिवाय कोर्टवरची पावलं, मग अर्ध्या कोर्टवर खेळ. स्मॅश सगळ्यात शेवटी, कारण त्यात कंबर मागे वाकते आणि त्याच वेळी पिळते. दर टप्प्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा आहे ते बघा. कळ पोटरीत उतरली असेल तर एक टप्पा मागे या आणि फिजिओंना कळवा.