रॅटच्या पिलांच्या मेडुला-स्लाइसमध्ये श्वासाची लय टिकत नाही, कुठे चुकतंय?

टिळकवाडी (प्रश्न)

नमस्कार. विस्टार रॅटची २-३ दिवसांची पिलं, व्हायब्रेटोमवर (कंप पावणाऱ्या पात्याचं कापायचं यंत्र) मेडुलाची, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागाची, ४०० मायक्रॉनची आडवी स्लाइस, हायपोग्लॉसल (जिभेच्या) नर्व्हच्या मुळांवर सक्शन इलेक्ट्रोड, तापमान २७ अंश, पोटॅशियम ९ मिलिमोलर. काही स्लाइसमध्ये मिनिटाला १०-१२ बर्स्ट (विद्युत संकेतांचे झुबके) येतात, मग विरळ होत अर्ध्या तासात थांबतात. काही पहिल्यापासूनच गप्प. शिवाय १० मायक्रोमोलर रिलुझोल (सोडियम प्रवाह अडवणारं औषध) घातलं की लय बंद पडते. म्हणजे लय पेसमेकर (स्वतःहून लय देणाऱ्या) पेशींचीच असं धरायचं का? बेळगाव, धारवाड, हुबळीकडे हे काम करणारं कुणी असेल तर सविस्तर सांगा.

खानापूर_रोड

पहिल्यापासून गप्प असलेल्या स्लाइस आधी बघू. तिथे बहुतेक काप चुकतोय. श्वासाची लय जिथे तयार होते तो प्री-बोत्झिंगर हा भाग पुढून मागे जेमतेम २०० मायक्रॉनचा. नवजात रॅटमध्ये त्याचा मध्य फेशियल न्यूक्लियसच्या (चेहऱ्याच्या नर्व्हचा पेशीसमूह) मागच्या टोकापासून साधारण अर्धा मिलिमीटर मागे येतो. ४०० च्या स्लाइसमध्ये दीडशे-दोनशे मायक्रॉन इकडेतिकडे झालं की त्याचा अर्धा भाग टाकाऊ तुकड्यात जातो.

पुढच्या टोकाकडून १००-१०० मायक्रॉनचे पातळ काप घेत या आणि प्रत्येक काप खालून उजेड देऊन बघा. फेशियल न्यूक्लियस दिसेनासा झाला की सावध व्हायचं. मग न्यूक्लियस अँबिग्युअस आणि खालचा ऑलिव्ह या पेशीसमूहांचा आकार बघत पुढची कड ठरवा. प्री-बोत्झिंगर अँबिग्युअसच्या लगेच खाली, पोटाच्या बाजूला असतो. फक्त लय हवी असेल तर जाडी ५५० करा. पण जाड स्लाइसच्या गाभ्यात ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून प्री-बोत्झिंगर वरच्या पृष्ठभागाजवळ येईल असाच काप घ्या आणि तो पृष्ठभाग प्रवाहाकडे ठेवा.

आणि नर्व्ह गप्प आहे म्हणून स्लाइस मेली असं समजू नका! १००-१५० मायक्रॉन तोंडाचा इलेक्ट्रोड थेट प्री-बोत्झिंगरवर टेकवा. सिग्नल रेक्टिफाय करून (ऋण भाग धन करून) ५० मिलिसेकंदांवर इंटिग्रेट (गुळगुळीत) करा. तिथे लय दिसली आणि नर्व्हवर नसली, तर मुळं ओढली गेलीत किंवा हायपोग्लॉसल न्यूक्लियस दुखावलाय. मुळं बहुधा हाडातून मेंदू उचलतानाच तुटतात. मेंदू ओढायचा नाही, खालच्या बाजूने एकेक मूळ कात्रीने कापत जायचं.

निपाणीकर

अर्ध्या तासात थांबणाऱ्या स्लाइससाठी आधी नळ्या तपासा. मऊ सिलिकॉन नळीतून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही भराभर निसटतात. बाटलीत कार्बोजन (९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड) जोरात चालू असतो आणि चेंबरमध्ये पोचेपर्यंत द्रावण शिळं झालेलं असतं. टायगॉन नळी वापरा, लांबी कमीत कमी ठेवा, प्रवाह मिनिटाला ५ मिलिलिटरच्या खाली नको.

कॅल्शियम क्लोराइड सगळ्यात शेवटी, कार्बोजन पंधरा-वीस मिनिटं चालल्यावरच घाला. आधी घातलं तर बायकार्बोनेट-फॉस्फेटबरोबर साका बसतो. द्रावण जरा जरी दुधाळ दिसलं तरी फेकून द्या. गाळून वापरलं तर कॅल्शियम किती उरलं ते कळत नाही, आणि ही लय कॅल्शियमला फार हळवी असते.

आणखी एक, इकडच्या गावांपुरतं. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ८ टक्के कमी. त्यामुळे ५ टक्क्यांच्या सिलिंडरनेही कार्बन डायऑक्साइडचा दाब कमी पडतो आणि तेवढ्याच बायकार्बोनेटला पीएच सुमारे ०.०४ ने वर जातो. तेवढ्याने लय थांबणार नाही, पण पीएच बाटलीत नव्हे तर चेंबरमध्ये, २७ अंशांवर मोजा. पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा पंप इन्व्हर्टरवर हवाच. प्रवाह थांबला की ती स्लाइस गेली म्हणून समजा.

टिळकवाडी

नळी सिलिकॉनचीच आहे. बदलतो. रिलुझोलचं काय?

मलप्रभा_काठ

त्यावरून पेसमेकर सिद्ध होत नाही. रिलुझोल टिकून राहणारा सोडियम प्रवाह अडवतं हे खरं, पण ग्लुटामेटचं (पेशी चेतवणाऱ्या संदेशद्रव्याचं) स्रवणंही कमी करतं आणि एकूण उत्तेजनाच खाली आणतं. लय थांबल्यावर सबस्टन्स पी (पेशींना उत्तेजित करणारं पेप्टाइड) १ मायक्रोमोलर घालून बघा. परत सुरू झाली तर कमी पडलं ते उत्तेजन. २००५ मध्ये डेल नेग्रो आणि सहकाऱ्यांनी रिलुझोल आणि फ्लुफेनॅमिक ॲसिड (कॅल्शियमवर चालणारा प्रवाह अडवणारं) दोन्ही एकत्र देऊन लय थांबवली, आणि सबस्टन्स पीने ती परत आणली.

उलट बाजूही तपासा. सीएनक्यूएक्स (ग्लुटामेटचे रिसेप्टर अडवणारं) २० मायक्रोमोलर दिलं की लय थांबते, कारण पेशींमधली ग्लुटामेटची देवाणघेवाणच तुटते. पिक्रोटॉक्सिन आणि स्ट्रिकनिनने निरोध बंद केला तरी स्लाइसमध्ये लय चालू राहते. म्हणजे एकमेकांना चेतवणारं जाळं हा खरा पाया; सोडियम प्रवाह त्याला हातभार लावतो. उंदरांमध्ये (माऊस, रॅट नव्हे) डीबीएक्स-१ या जनुकाच्या वंशाच्या सुमारे ८५ पेशी लेझरने एकेक करून मारल्या तेव्हा स्लाइस गप्प झाली, हेही त्याच दिशेने जातं.

खानापूर_रोड यांनी सांगितलेला दुसरा इलेक्ट्रोड इथेही लावाच. उत्तेजन कमी झालं की प्री-बोत्झिंगरमध्ये छोटे बर्स्टलेट चालू राहतात, पण हायपोग्लॉसलपर्यंत पोचत नाहीत. नुसती नर्व्ह बघितली तर रिलुझोलने लय मारली असं वाटेल, प्रत्यक्षात मोठे बर्स्ट गेलेले असतील. पोटॅशियम ९ वरून ६ वर आणून हे आधी औषधाशिवाय नोंदवून ठेवा, आणि विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ तेवढ्याच प्रमाणात एकटं घालूनही बघा.