‘स्वर्व्ह’ म्हणजे नुसतं वळणं नव्हे
इंग्रजी ‘स्वर्व्ह’ (swerve) या क्रियापदाचा अर्थ नुसता ‘वळणे’ असा दिला, तर तो अपुरा आहे. नाशिकात द्वारका चौकातून सिन्नरच्या रस्त्याला लागणं हा टर्न. पण गंगापूर रोडवर कुत्रं आडवं आलं आणि स्कूटरचं हँडल झटक्यात उजवीकडे गेलं, तर तो स्वर्व्ह. रस्ता तोच, चाकांची सरळ रेघ तेवढी मोडली. इथे ‘कट मारणे’ नको, त्यात मुद्दाम कोणाच्या तरी पुढे घुसणं येतं. ‘गाडी झटकन बाजूला काढणे’ मला सर्वांत जवळचं वाटतं. ‘व्हीअर’ (veer) या जवळच्या इंग्रजी शब्दात असा झटका असेलच असं नाही, दिशा हळूहळूही बदलते. (जुन्या इंग्रजीत ‘स्वर्व्ह’चं मूळ रूप घासणे, कानस मारणे अशा अर्थाचं होतं.) ‘स्वर्व्ह’ निश्चयाबद्दल आलं तर सरळ ‘ढळणे’ लिहा, आणि तिथे बहुधा नकारच असतो: ‘ती ध्येयापासून ढळली नाही.’