बागेला प्यायचं पाणी? आधी महापालिकेने स्वतःचे नळ आवरावेत

विजापूररोडकर
काल सोलापुरात आमच्या गल्लीत पाण्याची पाळी. पहाटे तीनला उठून बॅरल, हंडे, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवला. दुपारी एकला निघालो तर एका सार्वजनिक बागेत रबरी पाइप हिरवळीवर तसाच सोडलेला, पाणी फरशीवरून थेट रस्त्यावर. माळी सावलीला. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून पंपाने ओढून, शुद्ध करून आणलेलं पाणी ना हे? बागा, दुभाजक, बांधकामं यांना त्यातला थेंबही नको. देगावला ७५ एमएलडीचं (दिवसाला साडेसात कोटी लिटर) सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, तिथलं वापरा. मग आम्हाला ‘पाणी जपून वापरा’ सांगा.

अक्कलकोट_नाका
बोअरचं असेल ओ ते. आणि पाच बागा वाळवून शहराची तहान भागते होय? शहरासाठी भीमेतून पाणी उपसणाऱ्या टाकळी केंद्रासाठी उजनीतून भीमेत पाणी सोडतात. ते औज बंधाऱ्यापर्यंत येईस्तोवर किती मुरतं, किती उडतं, वाटेत किती मोटारी लागतात? तिथं बघायचं सोडून माळ्याला धरलंय तुम्ही.

विजापूररोडकर
बोअरचं असेल तर आणखी वाईट. मे महिन्यात शेजारची बोअर आटते ती कुणामुळे?

निवृत्त_पंपवाला
पाणीपुरवठ्यात आयुष्य गेलं (सोलापुरात नाही), म्हणून सांगतो. देगावचं पाणी टँकरने बागेत न्यायचं म्हणजे पाणी वाचलं आणि डिझेल जळलं. दुभाजकातल्या रोपांना परवडेल, हिरवळीला नाही. असं पाणी मोठ्या गिऱ्हाइकाला एकाच पाइपने द्यायचं असतं. ते दाराशी आहे: फताटेवाडीचं १३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, जे उजनीचं पाणी घेतं. ५० किमीच्या आत सांडपाणी केंद्र असेल तर वीज प्रकल्पाने तेच पाणी वापरावं, असं केंद्र सरकारचं २०१६ चं वीजदर धोरण सांगतं. भांडायचं तर त्यासाठी भांडा.

अक्कलकोट_नाका
हे पटलं. बागेचं अजून नाय.

जुळे_सोलापूर
शाळा आणि झोन कचेऱ्यांची छतं विसरलात सगळे. आपल्याकडे पाऊस वर्षाला साडेपाचशे मिमीच्या आसपास. ५०० चौरस मीटर छत धरा, वीस टक्के वाया गेलं तरी दोन लाख लिटरच्या वर जातं.

निवृत्त_पंपवाला
गणित बरोबर, पण खाली काळा पाषाण. पाऊस दोन-चार दिवसांत धो धो पडतो, त्या वेगाने मुरत नाही. टाकी बांधली तरच उपयोग. आणि मेअखेर छत झाडणार कोण?

जुळे_सोलापूर
तेवढं मात्र विचारू नका. आमच्याच अपार्टमेंटचा पावसाचा पाइप कबुतरांनी चार वर्षं बुजवून ठेवलाय.