पुन्हा डायलिसिसवर जाताना

बदललेली किडनी निकामी झाल्यावर डायलिसिसवर किती वर्षं निघतात, असा प्रश्न पडतो. सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. पण परतल्यावरचे पहिले काही महिने सगळ्यांत जोखमीचे. जंतुसंसर्ग आणि हृदयविकार तेव्हाच गाठतात.

माझ्या भावाचा फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) वेळेत केला नव्हता. म्हणून मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) घातला आणि आठवड्याभरात हुडहुडी भरून ताप! फिस्टुला तयार व्हायला सहसा ६ ते १२ आठवडे जातात, म्हणून क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) चढू लागलं की लगेच डॉक्टरांकडे विषय काढा. आणि कृपा करून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. त्या बंद केल्यावर अँटिबॉडी (परक्या किडनीविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) वाढल्या की दुसरी किडनी जुळणं अवघड होतं. भाऊ आता रोज सकाळी मनगटावर बोटं ठेवून फिस्टुलाची थरथर, म्हणजे त्यातून रक्त वाहतंय ना, ते तपासतो.